शुगरचा सेन्सर शाळेत कसा चालतो: सहा महिने वापरून

लेकीला टाइप १ डायबिटीस आहे, वय ९. दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर घेताना जे रिव्ह्यू वाचले ते सगळे घरातल्या वापराचे, शाळेचं कोणीच लिहीत नाही म्हणून हे लिहितेय.

आधी चांगलं. बोट टोचायला सारखं वर्गाबाहेर जायचं बंद झालं. आणि फोनवर शुगरच्या आकड्याशेजारी ती चढतेय की उतरतेय हे दाखवणारा बाण येतो, आकड्यापेक्षा तोच जास्त कामाचा, ९५ आणि बाण आडवा तर निवांत, ९५ आणि बाण सरळ खाली तर पीटीला जायच्या आधी काहीतरी खायचंच, हे आता तिलाही कळतं आणि तिच्या बाईंनाही.

आता गोची. सेन्सर तिच्या फोनला ब्लूटूथवर आकडे पाठवतो आणि तिथून ते माझ्या मोबाईलवर येतात, आमच्याचा पल्ला जेमतेम ६ मीटर, आणि शाळेचा नियम काय तर फोन ऑफिसात जमा. पहिले दोन आठवडे फोन खाली कपाटात, पोरगी वरच्या मजल्यावर आणि मला इकडे नुसतं 'सिग्नल नाही'. एक दिवस वही उघडली तर शेवटच्या चार ओळी खाली खाली घसरत गेलेल्या, बाईंना वाटलं झोप आलीये. फोन जवळ आल्यावर मागचे आकडे भरले गेले, त्या तासाला शुगर ५८ होती, म्हणजे लो!

मग डॉक्टरांचं पत्र घेऊन गेलो, फोन बाकावर ठेवायची परवानगी मिळवली आणि एक कागद वर्गात लावला. ७० च्या खाली गेली की बसल्या जागी १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी परत चेक, आणि एकटीला कुठेही पाठवायचं नाही. ही शेवटची ओळ मी लाल पेनाने लिहिली, कारण शुगर लो झालेल्या पोराला "जा, ऑफिसात जाऊन ये" म्हणणं आपल्याला साधं वाटतं पण जिन्यात पडली तर? चॉकलेटही नको, फॅटमुळे साखर चढायला वेळ लागतो. शुगर हाय असेल तेव्हा पाणी आणि टॉयलेटला अडवायचं नाही, आणि परीक्षेत लो झाली तर गेलेला वेळ वाढवून द्यायचा, हे सरांनी लगेच मान्य केलं.

सेन्सर रक्तापेक्षा ५-१० मिनिटं मागे असतो हे मात्र मी सांगायला विसरले. ग्लुकोज देऊनही आकडा हलेना म्हणून बाईंनी घाबरून परत दिलं, मग परत, आणि घरी आली तेव्हा २६०. चूक माझीच. आता दप्तरात साधा ग्लुकोमीटर पण असतो, लो नंतर बोटावरच बघायचं.

अजून एक, मला मोबाईलवर सगळं दिसायला लागल्यावर मी दर दहा मिनिटांनी मेसेज करायचे, शेवटी लेक म्हणाली "आई, तू माझ्या बाकावर बसल्यासारखं वाटतं". बंद केलं, म्हणजे कमी केलं.

५ पैकी ४ स्टार. एक कापला तो चिकटपट्टीसाठी, १४ दिवसांचा सेन्सर घामाने नवव्या दिवशीच सुटला, वरून जास्तीची टेप लावाच.