साधनसंपत्तीचं अर्थशास्त्र: वर्षभर वापरून झाल्यावर (अनामत रकमेच्या भांडणासकट)

एम.ए.साठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात भरलेली अनामत रक्कम अखेर खात्यात जमा झाली, तेव्हा आता मोकळेपणानं लिहिते. जेवढी भरली होती तेवढीच आली. आजचा रुपया आणि वर्षानंतरचा रुपया सारखे नसतात, हे ज्यांनी मला वर्षभर घोकायला लावलं, त्यांनीच माझे पैसे बिनव्याजी वापरले. तसं अर्जात लिहिलंही. उत्तर आलं, "नियमात तरतूद नाही." विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, पण त्या अर्जाची पोचपावती जपून ठेवली आहे.

मी देवगड तालुक्यात एका पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळते. एम.ए. दूरस्थ पद्धतीनं केलं आणि शेवटच्या वर्षी पर्यावरण व नैसर्गिक साधनसंपत्तीचं अर्थशास्त्र हा ऐच्छिक पेपर घेतला. क्रेडिट किती, इंटर्नलला गुण किती, हे माहितीपत्रकात आहे. प्रदूषणावर कर लावा म्हणणारे पिगू आणि हक्क ठरवून आपसात वाटाघाट करू द्या म्हणणारे कोस, हे बी.ए.लाच होऊन जातात, त्यावर वेळ घालवत नाही.

पहिला महिना वैताग आला. नोट्समध्ये कॅनडाचा कॉड मासा, अलास्काचं तेल, स्वित्झर्लंडची कुरणं. सामाईक साधनसंपत्ती लोक आपसात नियम करून कशी सांभाळतात, हे शोधणाऱ्या ऑस्ट्रॉम यांना २००९ साली नोबेल मिळालं, त्यांच्या धड्यात तुर्कस्तानातल्या अलान्याचे मच्छीमार भेटतात, पण वेंगुर्ल्या-मालवणची रापण कुठे नाही. पडावानं समुद्रात अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकांना गावानं दोर ओढायचा, मग ठरलेल्या हिश्शानं वाटप. कोणत्या संघानं किनाऱ्याच्या कुठल्या पट्ट्यात कधी जाळं टाकायचं, तेही आपसात ठरलेलं. ऑस्ट्रॉम जे नियम शोधत जगभर हिंडल्या, ते इथे रोज पहाटे पाळले जात होते. सरांना म्हटलं तर म्हणाले, "परीक्षेत चालेल, पण आधी अलान्या लिहा."

मग मासेमारीचा धडा आला. त्या एका धड्यासाठी मी फी वसूल समजते. अर्थशास्त्रज्ञ गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मांडलं ते असं: समुद्रात जायला कोणालाच आडकाठी नसेल, तर जोवर एखाद्या होडीला चार पैसे सुटतात तोवर आणखी होड्या येत राहतात, आणि शेवटी मासळीच्या पैशात जेमतेम खर्च भागतो. समुद्राची म्हणून जी कमाई असते ती कोणाच्याच हाती उरत नाही. आता यात डिझेल परतावा घाला, म्हणजे मच्छीमारांना डिझेलवरचा कर सरकार परत देतं तो. खर्च खाली आला, म्हणजे आणखी होड्या परवडल्या, म्हणजे साठा आणखी खाली. मालवणच्या मामाला आकृती काढून दाखवली. त्याचा ट्रॉलर आहे. आकृती नीट बघून म्हणाला, "गो बाय, ह्या तुझ्या रेषेवर होडी चलणा नाय. परतावो बंद केल्यार डिझेलाचे पैशे कोण भरतलो, ता आधी सांग." पर्ससीनवाल्यांवर (अख्ख्या थव्याला मोठ्या जाळ्यानं वेढणाऱ्यांवर) २०१६ च्या आदेशानं बंधनं आली, एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून धरण्यावर २०१७ मध्ये बंदी आली, तरी रात्री दिवे दिसतातच, हे त्याचं पुढचं बोलणं. नियम पाळणाऱ्याचा तोटा आणि मोडणाऱ्याचा फायदा, हे त्याला गॉर्डनशिवाय कळतं.

आता माझी खरी तक्रार. व्याजदर. या पेपरात प्रत्येक गणिताच्या शेवटी लिहिलेलं असतं: वटाव दर (पुढच्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) १० टक्के धरा. कधी ५, कधी १२. कोणाचा दर, कुठून आला, चकार शब्द नाही. माझं आयुष्य व्याजदरात जातं, म्हणून मला हे जास्त खुपलं असेल. पण बघा. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ स्टर्न यांनी २००६ च्या हवामान अहवालात साधारण १.४ टक्के दर धरला. ५० वर्षांनंतरच्या १०० रुपयांची आजची किंमत त्या दरानं सुमारे ५० रुपये होते. १२ टक्क्यांनी काढा, ३५ पैसे. तेच नुकसान, तीच नातवंडं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ नॉर्डहाउस यांनी याच दरावरून स्टर्नना धारेवर धरलं, ते आमच्या नोट्समध्ये अर्ध्या परिच्छेदात उरकलंय. माझ्या मते निम्मा पेपर यावरच हवा होता.

कारण गणितज्ञ क्लार्क. नोट्समध्ये एका तळटिपेत यांचं नाव होतं, तिथून मी शोधत गेले. समुद्र एकाच मालकाचा असता तर त्यानं मासा जपला असता, असं गॉर्डन वाचून वाटतं. क्लार्क यांनी १९७३ मध्ये देवमाशांचं उदाहरण घेऊन दाखवलं की तेवढ्यानं भागत नाही. जीव सावकाश वाढणारा असेल, व्याजदर त्या वाढीपेक्षा जास्त असेल आणि शेवटचा मासा धरणंही परवडत असेल, तर एकटा हिशेबी मालकसुद्धा सगळे मारून पैसे बँकेत ठेवील. तारली-बांगडा भराभर वाढतात, त्यांचं एक वेळ निभेल. मुशी (शार्क) आणि पाकट (रे मासा) यांची वाढ सावकाश आणि पिल्लं मोजकी, त्यांनी काय करायचं?

आणि इथला दर पुस्तकातला १० टक्के नसतो. नौकामालक जाळ्यासाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतो. कागदावर व्याज शून्य. फक्त मासळी त्यालाच द्यायची, आणि तो म्हणेल त्या भावानं. लिलावाचा भाव आणि हा भाव यांतला फरक म्हणजे व्याज. आमच्याकडे कर्ज मागायला येणाऱ्यांचा हा हिशोब मी करून बघते, तेव्हा सोनेतारणाचा दर धर्मादाय वाटायला लागतो. अशा दरानं पैसा उचललेला माणूस ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपायची वाट कशी बघत असेल ते समजतं. पुढच्या वर्षीच्या माशासाठी आजचा सोड, हे त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

एका गोष्टीवर मत बदललं. माणसांना विचारून निसर्गाची किंमत काढण्याची पद्धत मला शुद्ध थोतांड वाटली होती. प्रकल्पासाठी तारकर्लीला पर्यटकांना विचारत होते, "प्रवाळ टिकवण्यासाठी किती द्याल?" कोणी शून्य म्हणे, कोणी "सरकार काय करतं मग?", एकानं आनंदात दहा हजार सांगितले आणि शहाळ्याच्या दरावरून घासाघीस केली. मग मूळ वादाकडे गेले. १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ जहाजातून अलास्कात तेल सांडलं, नुकसान मोजायचं कसं यावर रण माजलं, आणि ॲरो व सोलो या अर्थशास्त्रज्ञांच्या समितीनं १९९३ मध्ये सांगितलं की "किती द्याल" असं मोकळं विचारू नका, रक्कम समोर ठेवा आणि हो की नाही एवढंच विचारा. तसं केलं. बोटीच्या तिकिटावर एवढे जादा, हो की नाही? लोक थांबून विचार करायला लागले, नवरा-बायको एकमेकांकडे बघायला लागले. आकड्यावर माझा अजून पुरता विश्वास नाही, पण थोतांड म्हणणार नाही.

खाणीचा धडा ठीक. हॉटेलिंग यांचा १९३१ चा नियम (खर्च वजा जाता खनिजाची किंमत व्याजदरानं वाढत जाते) सुंदर आहे, इथल्या रेडीच्या खनिजाला लावून बघितला, जमला नाही, सोडून दिला.

घरात मात्र पेपर कामाला आला. बाबा हापूसची बाग मक्त्यानं देतात. मक्तेदार वर्षापुरता, म्हणून तो पावसात कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) मुळाशी भरपूर ओततो, मोहोर लवकर आणि दाट येतो, तो फळ घेऊन जातो. झाड दमतं ते आमचं. कल्टार वाईट नाही, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, पण मात्रा झाडाच्या घेरावर ठरते. आणि ज्याला पुढच्या वर्षीचं झाड बघायचंच नाही, तो घेर कशाला मोजेल? यंदा करार पाच वर्षांचा केला, मात्रा लिहून घेतली, रक्कम थोडी कमी स्वीकारली. बाबा कुरकुरले, "शिक्षणापायी पैसे सोडलेस." पहिल्या वर्षीची पालवी चांगली आहे, उत्पन्नाचं नंतर सांगीन.

पेपर घ्यायचा तर गणिताला घाबरू नका, बारावीचं कलन पुरतं. टाकाऊ पदार्थांच्या व्यवस्थापनाचं युनिट परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलं तरी चालतं. मासेमारीच्या आकृत्या हातानं काढून सराव करा, त्यावर दरवर्षी प्रश्न असतो. ग्रंथालयाची अनामत भरूच नका, अभ्यासकेंद्रात बसून वाचता येतं. आणि साधा कॅल्क्युलेटर घातांकाचं बटण असलेला घ्या, माझ्याकडे नव्हतं आणि ५० वर्षांचा वटाव हातानं गुणत बसावं लागलं.