एमटेक की अमेरिकेत एमएस?

अंबडच्या कारखान्यात कंट्रोल पॅनल जोडणारी माझी भाची परवा आली. बोटांवर क्रिंपिंग टूलचे वळ. म्हणाली, "मामा, गेट देऊ की जीआरई?"

गेट म्हणजे इथल्या एमटेकची प्रवेश परीक्षा, जीआरई तिकडच्या एमएससाठीची. आधी पैसा. गेटवर एमटेक मिळालं तर दरमहा 12,400 रुपये विद्यावेतन; एमएससाठी आपल्यासारख्यांना कर्जच, बहुधा घर तारण ठेवून. वेळ सारखाच, दीड-दोन वर्षं. तिकडे ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, एकूण 3 वर्षं काम करता येतं, पुढे मात्र एच-1बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. त्या सोडतीवर घर लावू नये, असं मला मनापासून वाटतं. गेटचा स्कोअर 3 वर्षं चालतो.

रिले, ट्रान्सफॉर्मरमध्ये जीव रमतो त्यानं एमटेक करावं. चिप डिझाइनचं वेड आणि हप्ते पेलणारं घर, दोन्ही असेल त्यानं एमएस.