नीडलपॉइंट की मोकळं भरतकाम? स्वतःचं डिझाइन करायचं असेल तर

सुई-दोऱ्याने स्वतःच्या मनातलं काही काढायचं ठरवलं की आधी ठरवावं लागतं ते कशावर काढायचं. एकीकडे नीडलपॉइंट आहे. त्यात जाळीदार कॅनव्हास, बोथट टोकाची सुई, जाड लोकर, आणि कॅनव्हासचा धागाही दिसू नये इतकं गच्च भरलेलं काम. दुसरीकडे साध्या सुती किंवा लिननच्या कापडावर रिंग लावून केलेलं मोकळं भरतकाम. त्यात सुई कुठून वर काढायची आणि कुठे खाली घालायची हे सर्वस्वी आपल्या हातात असतं. मला दोन्ही मनापासून आवडतात, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला ‘दोन्ही छान आहे, काहीही घ्या’ असं सांगणं मला पटत नाही. डिझाइन करणाऱ्याला दोन्हीकडे वेगवेगळ्या गोष्टी ठरवाव्या लागतात. नीडलपॉइंटमध्ये जे सांगायचं ते मुख्यतः रंगातून सांगावं लागतं, मोकळ्या भरतकामात रेषेतून आणि पोतातून. आपला ओढा कुठे आहे हे ओळखलं की बराचसा प्रश्न सुटतो.

चौकटीत काम करताना

नीडलपॉइंटचा मूळ टाका म्हणजे टेंट टाका. उभा आणि आडवा धागा जिथे एकमेकांवरून जातात, ती एक फुली ओलांडणारा छोटा तिरका टाका. डावीकडे खाली सुरू होऊन उजवीकडे वर जाणारा, आणि संपूर्ण कामभर त्याच दिशेने. आता या टाक्याने एक साधं पान भरून बघा. पानाची जी कड टाक्याच्या कलाने जाते ती सलग, गुळगुळीत दिसते. जी कड उलट दिशेने उतरते ती पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, आणि तिथे एकेरी टाक्यांची शीर काढली तर सुटे ठिपके मांडल्यासारखी. चौकड्यांच्या कागदावर आखलेलं पान दोन्हीकडून सारखं असतं, कॅनव्हासवर नसतं. कॅनव्हाससाठी चांगलं डिझाइन करणारा माणूस हे आधीच धरून चालतो. महत्त्वाची रेषा टाक्याच्या कलाने जाईल अशी चित्राची मांडणी करतो, किंवा उलट्या कडेला मधल्या छटेचा एकेक टाका घालून पायऱ्या सौम्य करतो.

कॅनव्हास एका इंचात किती छिद्रं आहेत यावर ओळखला जातो. 10 इंची चौकोन घेतला तर 10 च्या कॅनव्हासवर 10,000 टाके होतात, 14 च्या कॅनव्हासवर 19,600 आणि 18 च्या कॅनव्हासवर 32,400. वळण जितकं नितळ हवं, तितकी ही मेहनत वाढत जाते. म्हणून चेहरा, हात, बारीक अक्षरं असलं काही मनात असेल तर नीडलपॉइंट हट्टी वाटतो. दुहेरी धाग्यांच्या पेनेलोपी कॅनव्हासवर मात्र एक सोय आहे. चेहऱ्यापुरते जोडधागे सुईने वेगळे करून तिथे चौपट बारीक टाके घालता येतात आणि बाकीचा भाग जाड ठेवता येतो.

पण रंगाच्या बाबतीत या जाळीसारखं दुसरं काही नाही. प्रत्येक टाका एका रंगाचा, ठरावीक आकाराचा, शेजारच्याला चिकटून बसलेला. त्यामुळे दोन छटा शेजारी आल्या की काय होतं हे इथे लख्ख कळतं. तीन पदरी पर्शियन लोकरीत तर एक पदर गडद आणि दोन फिके असे एकाच सुईत ओवून मधली छटा स्वतःच तयार करता येते. बार्जेलो हा तर निव्वळ रंगाचा खेळ आहे. त्यात टाके तिरके नसून उभे असतात. एक टाका चार धाग्यांवरून, पुढचा दोन धागे वर सरकवलेला, अशी ओळ चढते-उतरते आणि ज्वाळांसारखी नक्षी तयार होते. पहिली ओळ बरोबर मोजली की पुढच्या ओळी तिच्यामागून येतात, आणि मग ठरवायचं उरतं ते फक्त कुठल्या रंगाशेजारी कुठला रंग. ज्यांना ‘मला चित्र काढता येत नाही’ ही भीती आहे त्यांना मी बिनधास्त बार्जेलो सुचवते. इथे चित्रकलेची गरजच नाही, आणि तरीही दोन माणसांचं काम सारखं होत नाही.

रेषा आपली असते तेव्हा

मोकळ्या भरतकामात जाळी नाही, त्यामुळे आधारही नाही. दांडी टाक्याने वेल काढताना टाका किती लांब, वळणावर किती आखूड, आधीच्या टाक्याच्या किती जवळ सुई परत बाहेर काढायची, हे हात शिकेपर्यंत रेष थरथरते. सॅटिन टाका, म्हणजे शेजारी शेजारी लांब टाके घालून आकार भरणं, तर दिसायला सर्वांत सोपा आणि करायला सर्वांत अवघड. कड एका सुताने चुकली तरी डोळ्यांत भरते. नवशिक्यांनी साखळी टाका, धावदोरा आणि दांडी टाका यांवरच काही काळ काढावा असं माझं ठाम मत आहे. या तिघांतूनही पुष्कळ काही बोलता येतं.

याच्या बदल्यात जे मिळतं ते मोठं आहे. सहा पदरी दोऱ्यातून एकच पदर काढला तर पापणीचा केस काढता येतो, सहाही पदर ठेवले तर दोरीसारखी ठसठशीत रेघ. सॅटिन टाक्याची दिशा बदलली की त्याच दोऱ्यावर उजेड वेगळा पडतो आणि एकाच हिरव्यात पानाचे दोन भाग वेगळे दिसतात. आणि मोकळी जागा! नीडलपॉइंटमध्ये सहसा पार्श्वभूमीही टाक्याटाक्याने भरावी लागते. कापडावर न भरलेला भागही डिझाइनचाच असतो. 11व्या शतकातलं, फ्रान्समधल्या बायो गावचं सुमारे 70 मीटर लांबीचं भरतकाम बघा. लिननवर लोकरीने केलेलं हे काम एवढी मोठी लढाई सांगतं, पण त्यातलं आकाश आणि बरीचशी जमीन नुसतं उघडं कापड आहे. घोडे आणि माणसं त्यावर उठून दिसतात ती त्यामुळेच.

मोकळं भरतकाम माणसाच्या हस्ताक्षरासारखं आहे, आणि एका ठिकाणी तर ते अक्षरशः हस्ताक्षरच झालं. मार्च 1912 मध्ये मताधिकारासाठी खिडक्यांच्या काचा फोडल्याबद्दल लंडनच्या हॉलोवे तुरुंगात टाकलेल्या स्त्रियांनी एका रुमालावर आपापल्या सह्या भरल्या. 66 सह्या, प्रत्येकीच्या अक्षराचं वळण वेगळं. कॅनव्हासच्या चौकोनांत ही वळणं सपाट झाली असती.

मग नीडलपॉइंट कमी व्यक्तिगत का?

असा समज आहे खरा, आणि त्याला कारणही आहे. 19व्या शतकात बर्लिनहून चौकोनी कागदावर हाताने रंगवलेले नमुने सगळीकडे पोचले आणि घरोघरी तीच फुलं, तेच पोपट, तीच कुत्री लोकरीत उतरू लागली. आजही छापील कॅनव्हास विकत आणून दिलेले रंग भरत जाणं हीच बहुतेकांची सुरुवात असते. पण हा दोष जाळीचा नाही. कापडावर छापून आलेलं तयार डिझाइन भरलं तरी तेच होतं.

तयार चित्रावरून सुरुवात करूनही स्वतःचं बोलता येतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण कॅनव्हासवरचंच आहे. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडमध्ये कैदेत असताना तिने कॅनव्हासवर रेशमाने एक मांजर भरली. मूळ चित्र कॉनराड गेस्नर या निसर्गअभ्यासकाच्या ग्रंथातलं, म्हणजे चक्क नक्कल. पण मेरीने मांजर तांबूस केली आणि तिच्याजवळ एक उंदीर घातला. तांबूस केसांची इंग्लंडची राणी एलिझाबेथ आणि तिच्या तावडीतली मेरी, असाच अर्थ त्या चित्राचा लावला जातो. एक रंग आणि एक उंदीर, एवढ्या बदलाने छापील मांजर कैद्याची जबानी झाली. नमुना उतरवून घेतला म्हणून काम परकं होत नाही, त्यात आपण काय बदलतो ते महत्त्वाचं.

व्यवहाराच्या गोष्टी

वापर कशासाठी हे आधी ठरवा. नीडलपॉइंट जाड आणि टिकाऊ, त्यामुळे उशी, खुर्चीची बैठक, पिशवी यांना उत्तम. अंगावरच्या कपड्यांना मोकळं भरतकामच बरं. चूक सुधारणं कॅनव्हासवर सोपं असतं. टाके उसवले की जाळी जशीच्या तशी. घट्ट विणीच्या सुती कापडावर सुईची भोकं मागे राहू शकतात. तिरक्या टाक्यांनी कॅनव्हास वाकडा होतो हे मात्र लक्षात ठेवा. बास्केटवीव्ह पद्धतीने, म्हणजे तिरक्या ओळींत, भरलं तर तो बराच कमी वाकतो. लोकर थोडी जास्त लागते. काम संपल्यावर ते ओलसर करून फळीवर काटकोनात ताणून पूर्ण वाळू द्यायचं. त्याआधी रंग आणि शाई पाण्याला पक्की आहे ना, हे कोपऱ्यात तपासा.

कापडावर डिझाइन उतरवतानाही जपून. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाच्या खुणा थंडीत परत उमटू शकतात, आणि पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणांवर धुण्याआधी इस्त्री फिरवली तर त्या पक्क्या बसतात.

माझं मत विचारलंत तर, वहीच्या समासात सहज काहीतरी रेखाटत बसण्याची सवय असेल तर कापड आणि रिंग घ्या. कपड्यांच्या दुकानात नक्षीआधी रंगसंगतीवर नजर जात असेल, मोजणं आणि लय यांत मन रमत असेल, तर कॅनव्हास घ्या. अजूनही ठरत नसेल तर एकच पान दोन्हीकडे करून बघा. 14 च्या कॅनव्हासचा तळहाताएवढा तुकडा आणि तेवढंच सुती कापड, दोन्हीकडे हिरव्याच्या तीनच छटा. आकार आणि शीर तुम्हीच ठरवायची, कुठला नमुना बघायचा नाही. कुठलं पान जास्त चांगलं झालं याकडे लक्ष देऊ नका. करताना कुठे थांबून विचार करावासा वाटला, कुठे ‘ही छटा नको, ती घेऊ’ किंवा ‘ही शीर अजून वळवू’ असं आपसूक मनात आलं, ते बघा आणि पुढचं सामान त्याच कामाचं आणा.