वापरलेले 130 फ्लेक्सचे स्की-टूरिंग बूट: एक मोसम घालून झाल्यावर

टाच जागची हलत नाही. या बुटांबद्दल एकच गोष्ट सांगायची असेल तर मी हीच सांगेन. चार तास स्कीवरच चढून वर पोचायचं, स्कीच्या स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून तळाला लावलेल्या पट्ट्या) काढायच्या, बकलं आवळायची, बुटाचा वरचा भाग जखडणारा मागचा लिव्हर खाली दाबायचा आणि उताराला लागायचं. एवढ्या सगळ्यात टाच लायनरच्या, म्हणजे आतल्या मऊ बुटाच्या, खोबणीत जशी बसलेली असते तशीच राहते. आधीच्या बुटांत ती प्रत्येक पावलाला सुटायची आणि दुसऱ्या तासाला फोड ठरलेला असायचा.

बूट वापरलेले घेतले. चार बकलं, कफवर (घोट्यावरच्या भागावर) 130 हा फ्लेक्सचा, म्हणजे कडकपणाचा, आकडा छापलेला, माप 26.5. मोसमभरात 31 दिवस घातले. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे एक तक्रार येणार आहे आणि ती बुटापेक्षा विकणाऱ्याबद्दल जास्त आहे. शिवाय माझ्या पायाला जे बसलं ते नाव वाचून दुसऱ्या कुणी मागवलं, तर त्याचे हाल होतील.

माझा डावा पाय 261 मिलिमीटर, उजवा 257. स्की-बुटाचं माप म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी, त्यामुळे हिशोब सरळ होता. तरी पहिले बूट मी 27.5 घेतले, कारण खोलीत उभं राहून ते छान वाटले. बोटं मोकळी, कुठे काही टोचत नाही. पण नवा लायनर फुगीर असतो आणि पंधरा-वीस दिवसांत दबतो. मग आतली जागा वाढत जाते. टाच धरून ठेवायला मी बकलं एकेक दात पुढे नेत गेले, शेवटी पायाचा वरचा भाग बधिर व्हायला लागला, आणि टाच तरीही सुटायचीच. त्या बुटाचा फ्लेक्स 120 होता, पण नडगी पुढच्या जिभेला टेकेपर्यंतच इतका वेळ जायचा की त्या कडकपणाचा मला काही उपयोग झाला नाही.

म्हणून या वेळी फ्लेक्सचा आकडा नंतर बघितला. आधी लायनर बाहेर काढला, रिकाम्या शेलमध्ये (बाहेरच्या कडक कवचात) पाय घातला, बोटं पुढे अलगद टेकवली आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघितलं. दोन बोटं सहज गेली तर बूट ऐसपैस, एकच गेलं तर घट्ट. बोटांची जाडी प्रत्येकाची वेगळी, म्हणून मी दोन पेन्सिली शेजारी शेजारी चिकटवून त्यांनी मोजते. साधारण 14 मिलिमीटर होतात. या बुटात त्या अडकून राहिल्या. जुन्या 27.5 मध्ये त्या सुटून खाली पडतात आणि वर आणखी बोटभर जागा राहते. वापरलेले बूट घेताना ही पाच मिनिटांची तपासणी कुणी करू देत नसेल तर मी ते घेणार नाही. आणखी एक: बऱ्याच कंपन्यांत 26 आणि 26.5 यांचं शेल एकच असतं, फरक असतो तो आतल्या तळव्याचा किंवा लायनरचा. त्यामुळे 'अर्ध्या मापाने मोठे आहेत' म्हणून कुणी परत फिरत असेल, तर टाचेजवळ कोरलेली तळाची मिलिमीटरमधली लांबी आधी बघावी.

आता तो 130. या आकड्याला सगळ्या कंपन्यांना लागू असं एक प्रमाण नाही. एकाचा 130 दुसऱ्याच्या 115 सारखा वाटू शकतो. एकाच कंपनीच्या दोन बुटांची तुलना करायला तो ठीक आहे, त्यापुढे नाही. खोलीत गुडघा पुढे दाबून कडकपणा जोखणंही फसवं, कारण थंडीत प्लॅस्टिक आणखी कडक होतं. पॉलियुरेथेनचं जास्त, पेबॅक्सचं कमी. माझे बूट ग्रिलामिडचे आहेत, म्हणजे नायलॉनच्या जातीचं हलकं प्लॅस्टिक. एक बूट जुन्या लायनरसकट 1420 ग्रॅम भरला. आधीचा 1780 होता. म्हणजे 360 ग्रॅमचा फरक. एका पायाची 3000 पावलं धरली तर तो हजार किलोच्या वर जातो, आणि मांड्यांना तो कळतो.

कडकपणा खरा कळला तो एका दुपारी. वर उन्हाने मऊ झालेला थर, सावलीत शिरलं की एकदम कडक पापुद्रा, आणि पाठीवर दोन रात्रींचं सामान. अशा बर्फात स्कीचं टोक अडकतं आणि शरीर पुढे फेकलं जातं. जुन्या बुटात घोटा तिथे कोसळायचा आणि सावरायला वळणच सोडून द्यावं लागायचं. इथे नडगीला जिभेचा आधार लगेच मिळाला, दाब हळूहळू वाढत गेला, आणि स्की फिरली. दिवसाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, बुटाने उभं धरून ठेवणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मात्र माझं वजन आणि सामान मिळून हा बूट जेमतेम वाकतो. हलक्या अंगाच्या माणसाला तो वाकणारच नाही आणि सगळा भार टाचेवर जाईल. तसं असेल तर 110 पुरे, त्यात कमीपणा काही नाही.

चढताना कफ मागेपुढे भरपूर फिरतो, सपाटीवर लांब पाऊल टाकता येतं. अडचण लिव्हरची. ओलं बर्फ त्याच्या खाचेत साचून गोठतं आणि मग तो पूर्ण बसल्यासारखा दिसतो, पण बसलेला नसतो. एकदा पहिल्याच वळणाला कफ सुटला. तेव्हापासून मी लिव्हर लावण्याआधी खाच काठीच्या टोकाने कोरते, मग गुडघा दोनदा जोरात पुढे दाबते.

तक्रार अशी. विकणाऱ्याने 'काहीही काम केलेलं नाही' असं लिहून दिलं होतं. घरी आणून उजेडात तिरपे धरले, तर डाव्या शेलला करंगळीच्या सांध्यापाशी फुगवटा. गरम करून जागा वाढवलेली. हात फिरवला की लगेच लागत होता. माझा पाय तिथे रुंद नाही, त्यामुळे आडव्या उतारावर पाऊल बाहेर सरकायचं. बूट-फिटरने ती जागा पुन्हा तापवून बरीचशी आत घेतली, पण शेल तिथे पहिल्यासारखं झालेलं नाही. जागा वाढवणं हा काही दोष नव्हे, चांगल्या बुटांवर ते सर्रास करतात. न सांगणं मात्र मला फार लागलं. आधी कळलं असतं तर मी पैसे कमी करून मागितले असते, किंवा घेतलेच नसते.

लायनर नवा घातला. जुना दुसऱ्याच्या पायावर बसलेला होता आणि घोट्यापाशी पार चेपला होता, म्हणून खरेदीच्या किमतीत नव्या लायनरची किंमत मी सुरुवातीपासून धरली होती. तो तापवून पायावर बसवतात. बोटांवर फोमची टोपी, तिच्यावर पातळ मोजा, मग गरम लायनर, मग शेल. बकलं हलकीच लावायची, पंज्याखाली फळी घेऊन टाच खाली ठेवायची आणि दहा-बारा मिनिटं हलायचं नाही. हललं की फोमला सुरकुती पडते, आणि ती पुढे वर्षभर टोचते.

पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूचे खळगे असतात, त्यांत बाइंडिंगच्या, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या भागाच्या, पिना बसतात. 1980च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी ही पद्धत काढली आणि पुढे डायनाफिटने ती बाजारात आणली. वापरलेल्या बुटात मी सगळ्यात आधी हे खळगे बघते. कडा गोल आणि स्वच्छ हव्यात. लांबट झालेल्या असतील, किंवा पिनांत अडकवून हलवल्यावर खडखड होत असेल, तर तो बूट घेऊ नये. माझ्यात झीज दिसली नाही. तळाचं रबर मात्र टाचेच्या आतल्या बाजूला खडकांवर घासलेलं आहे. आणि हा बूट दिसायला साध्या स्की-बुटासारखा असला, तरी त्याचा तळ टूरिंगच्या आयएसओ 9523 प्रमाणाचा आहे. साध्या स्की-बुटांसाठीचं प्रमाण आयएसओ 5355. फक्त 5355 साठी बनवलेल्या बाइंडिंगमध्ये तो घालू नये, पडल्यावर पाय सुटेल याची खात्री राहत नाही.

माझे जुने 27.5 याच काळात विकले. जाहिरातीत नऊ फोटो टाकले: दोन्ही तळ, चारही खळगे जवळून, लायनरची आतली बाजू, तुटून बदललेलं बकल, आणि टाचेजवळची 312 मिलिमीटर ही लांबी. किती दिवस घातले तेही लिहिलं. पायाचं माप विचारल्यावर पहिल्या दोघांना मीच नको म्हटलं, दोघांचेही पाय 26 च्या आसपासचे. तिसऱ्याचा पाय 272 निघाला. त्याने शेलमध्ये पाय घातला, मी पेन्सिली पुढे केल्या, त्या नीट बसल्या. मग त्याने विचारलं, "तुम्हाला टाचेला लागायचे का?" लागायचे, म्हटलं, आणि का ते सांगितलं. त्याने लायनर पुन्हा हातात घेऊन टाचेचा भाग दाबून बघितला, थोडे पैसे कमी करायला सांगितले आणि नेले.

माझे बूट आता पुढच्या मोसमापर्यंत ठेवून दिलेत. लायनर वेगळा वाळवून परत आत घातला आहे, शेलचा आकार बिघडू नये म्हणून बकलं पहिल्या दातावर सैल लावली आहेत. उजव्या बुटाच्या सगळ्यात खालच्या बकलाचा स्क्रू ढिला झालाय. तो काढून चिकटद्रव लावून पुन्हा बसवायचा आहे.