मागचे शॉकअप हवेचे ठेवावेत की स्प्रिंगचे बसवावेत?

जुनी टूरिंग मोटरसायकल घेताय आणि मागचे शॉकअप हवेचे आहेत, तर ते तसेच चालवावेत की काढून प्रीलोडवाले, म्हणजे स्प्रिंग आधीच कमी-जास्त दाबून ठेवता येते असे, स्प्रिंगचे टाकावेत? मी एकाच गाडीवर दोन्ही वापरलेत. चार वर्षं हवेवर काढली, स्प्रिंगवर हा तिसरा पावसाळा.

हवेची बाजू लंगडी नाही. एकटा असलो की जवळजवळ सगळी हवा सोडून निघायचो, गाडी गादीसारखी चालायची. बायको मागे आणि दोन्ही बॉक्स भरलेले असले की 30 पीएसआय. दाब वाढला की गाडीची पाठ तर उचलली जातेच, शिवाय शॉकअप जसजसा दबेल तसतसा कडक होत जातो. प्रीलोडने फक्त पाठ उचलते, स्प्रिंगचा कडकपणा होता तेवढाच राहतो. आंबा घाट डबलसीट उतरताना हवेचे शॉकअप कधी खाली आपटले नाहीत, हे कबूल करतो.

माझं बिनसलं ते मोजण्यावरून. टायरात हवा भरपूर असते, गेज लावलं तरी फरक पडत नाही. इथे आत हवा मूठभर. पंपाची नळी जोडली की त्यातली थोडी नळीतच शिरते. रात्री भरलेले 30 सकाळी 22 दिसायचे. महिनाभर गळती शोधली, साबणाचं पाणी लावलं, ओ-रिंगा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) बदलल्या. शेवटी एकदा भरून, नळी काढून, लगेच पुन्हा जोडली. काटा 22 वर! म्हणजे हवा मोजण्यातच जात होती. काढताना हवा न सोडणारा पंपही आणला, पण जोडताना नळी भरायचीच. रोज नव्याने भरणाऱ्याला याचा त्रास नाही. मला मात्र निघण्यापूर्वी नुसतं बघायचं असायचं. पेट्रोल पंपावरच्या हवेचं तर नावच नको, ‘बस बस’ म्हणेपर्यंत दाब मर्यादेपलीकडे जातो आणि सील निकामी होतं.

स्प्रिंगलाही खोड आहे. प्रीलोड बदलायला पान्याने फिरवायची खाचांची कडी म्हणजे कॉलर, पावसाळ्यात तिच्यात चिखल घट्ट बसतो, पाना सटकला की बोटं सोलतात. एकट्याने जाताना खड्डाही जरा जास्त लागतो. पण रात्री चौथ्या खाचेवर ठेवलेली कॉलर सकाळी तिथेच असते.

होंडाने 1980 च्या जीएल1100 गोल्डविंगला हवा दिली होती, पुढे जीएल1500 मध्ये कंप्रेसर गाडीतच होता. तसं असेल तर माझी तक्रार निकालात निघते. 2001 च्या जीएल1800 मध्ये मात्र मागे बटणावरचा प्रीलोड आला. हार्लेच्या टूरिंग गाड्याही 2017 पासून हाताने फिरवायच्या प्रीलोडवर गेल्या. त्यांची कारणं वेगळी असतील, पण मला तेवढंच बरं वाटलं.

रोज कमी-जास्त ओझं वाहत असाल आणि सकाळी पाच मिनिटं पंप मारायला हरकत नसेल, तर हवेचे ठेवून बघा. बघायला गेलेल्या गाडीचे शॉकअप तेलाने ओले दिसले, तर मी तरी सील बदलत बसणार नाही, सरळ स्प्रिंगचे टाकेन.