अ‍ॅनेरी की चारकोल? आधी गळा बघा

कॉर्न स्नेक या पाळीव सापाची दोन राखाडी पिल्लं शेजारी ठेवा, डब्यांवरच्या चिठ्ठ्या काढा, आणि अ‍ॅनेरी कुठलं नि चारकोल कुठलं (ही त्याच्या दोन रंगप्रकारांची नावं) ते विचारा. भलेभले चाचपडतात. लाल रंग दोघांतही नाही, पाठीवरची खोगिरासारखी नक्षी दोघांचीही गडद राखी. चारकोलची नक्षी जरा पुसट असते असं म्हणतात. माझ्याकडे ती तशी आहेही, पण तेवढ्यावर मी पैज लावणार नाही.

खरा फरक उशिरा कळतो. अ‍ॅनेरी वाढतो तसा त्याच्या हनुवटीखाली आणि मानेच्या कडांना पिवळा चढतो. चारकोलला तो चढत नाही, निदान नजरेत भरण्याइतका तरी नाही.

माझं घोडं इथेच अडलं. पहिलं पिल्लू मी चारकोल म्हणून आणलं होतं. वर्षभर कौतुक केलं. मग एकदा कात टाकल्यावर पाणी बदलायला गेलो, तर त्याने मान वर केली आणि गळ्याला हळदीचं बोट लागल्यासारखं दिसलं. भुशाचा डाग असेल म्हणून ओल्या बोटाने पुसूनही पाहिला! देणाऱ्याने फसवलं असं म्हणवत नाही, त्यालाही बहुधा राखाडीच दिसलं असणार. पण चारकोलची हीच गोष्ट मला खटकते. पिवळा दिसला की अ‍ॅनेरी ठरला. नाही दिसला तर? मुळात नाहीच, की अजून यायचाय?

आईबापांची नोंद पक्की असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर जोडी लावून पाहायची. ही दोन वेगळी जनुकं, त्यामुळे खात्रीच्या अ‍ॅनेरीशी चारकोलची जोडी लावली तर पिल्लं एरवी नेहमीसारखी तांबूस निघतात. एका शंकेसाठी एवढा खटाटोप कोण करणार?

पैदास करायचीच असेल तर गोष्ट वेगळी. अ‍ॅमेलशी, म्हणजे काळा रंग नसलेल्या प्रकाराशी, जमून अ‍ॅनेरीचा स्नो होतो, चारकोलचा ब्लिझर्ड. स्नोच्या गळ्यालाही पिवळी झाक राहते, ब्लिझर्ड जवळजवळ कोरा पांढरा. त्यावर जीव असेल तर चारकोलच हवा.

पुढे माझ्याकडे नोंदीसकट एक चारकोल आला. देखणा आहे, नाही म्हणत नाही. तरी एकच पाळायचा झाला तर मी गळा पिवळा पडलेला, जरा मोठा अ‍ॅनेरी घेईन. चारकोलच हवा असेल तर आईबापांचे फोटो मागा, तेही मोठेपणीचे आणि गळा दिसेल असे.