टीईएफएलच्या कोर्सला साडेसोळा हजार घातले, त्याचा हिशेब

गेल्या वर्षी मे महिन्यात अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि शाळेतून निवृत्त झालो. चौतीस वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं. घरी बसून पंधरा दिवसांत कंटाळलो, तेव्हा मुलीनं डोक्यात घातलं की लोक परदेशात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवायला जातात, तुम्हीही जा. चौकशी केली तर बहुतेक संस्था टीईएफएलचं, म्हणजे परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सचं, १२० तासांचं प्रमाणपत्र मागत होत्या. चौतीस वर्षांच्या नोकरीला तिथं कुणी विचारेना. मग सात रस्त्याजवळच्या एका क्लासला नाव घातलं.

क्लासचं नाव लिहीत नाही. पुढं तक्रारी येणार आहेत, आणि शिकवणाऱ्या मॅडम आमच्या जुळे सोलापुरातच राहतात, भाजी घेताना गाठ पडते.

फी चौदा हजार सांगितली होती. पावतीच्या वेळी त्यावर १८ टक्के जीएसटी चढला आणि आकडा १६,५२० झाला. हे आधी सांगायला काय बिघडत होतं?

१२० तासांतले ८० तास म्हणजे मोबाइलवर बघायचे व्हिडिओ. त्यात एक गोरा गृहस्थ नाश्त्याच्या टोस्टवरून वर्तमानकाळ समजावतो. रेन अँड मार्टिनच्या व्याकरणावर वाढलेल्या माणसाला त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं. शेवटच्या चाचण्या तर अंदाजानं ठोकल्या तरी पास होतात, माझ्या शेजारच्या पोरानं एका रात्रीत अकरा उरकल्या. या भागाला मी दहापैकी दोन देतो, तेही व्हिडिओ अडकत नाहीत म्हणून.

टीईएफएल हे काही एका बोर्डाचं प्रमाणपत्र नव्हे. कुणीही कोर्स काढतं, कुणीही शिक्का मारतं. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचा केंब्रिजचा सेल्टा वेगळा. त्यातही तास १२०च, पण खऱ्या विद्यार्थ्यांपुढं सहा तास शिकवून दाखवावं लागतं आणि त्याची पारख होते. पण त्याची फी कितीतरी पट. आमच्या क्लासच्या भिंतीवर मात्र 'जगभर मान्य' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय. कोण मान्य करतं ते लिहिलेलं नाही.

उरलेले चाळीस तास मॅडमचे. सगळे पैसे तिथं वसूल झाले.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, अनोळखी भाषा शिकताना विद्यार्थ्याला काय वाटतं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून आजचा तास मी तेलुगूत घेणार. एक वाक्य बोलल्या आणि मागच्या बाकावरच्या चौघांनी फाडफाड उत्तर दिलं. पद्मशाली मुलं ती, घरी तेलुगूच बोलतात. मॅडमनी कन्नड काढली. अक्कलकोटच्या दोघी हसायला लागल्या. उर्दूचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी पुढच्या तासाला त्या मल्याळम शिकून आल्या, तेव्हा कुठं आम्ही सगळे सारखेच अडाणी झालो. वीस मिनिटं मी 'वेळ्ळम' म्हणजे पाणी एवढंच धरून बसलो होतो. आठवीच्या 'ब' तुकडीतली शेवटच्या बाकावरची पोरं माझ्याकडं तसं का बघायची, ते त्या वीस मिनिटांत कळलं.

मग सराव. दर शनिवारी संध्याकाळी क्लास फुकट इंग्रजीचा तास ठेवतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतली टॉवेलच्या कारखान्यातली पोरं, विड्या वळणाऱ्या दोन-तीन बायका, एक रिक्षावाला असे वीसेक जण येतात आणि आम्ही त्यांच्यावर हात साफ करून घेतो. मॅडम मागं घड्याळ घेऊन बसतात. माझ्या पहिल्या तासानंतर त्यांनी कागद पुढं केला: वीस मिनिटांपैकी सोळा मिनिटं सर बोलले. मला वाटलं होतं, तास झकास झाला.

दुसरा दणका 'समजलं का?' या प्रश्नाचा. मी सवयीनं विचारलं, वर्ग सवयीनं 'होऽऽ सर' म्हणाला. मॅडमनी उठून त्यातल्या तिघांना उलटं काहीतरी विचारलं, एकालाही सांगता आलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की समजलं का हे विचारायचंच नाही, समजलं असेल तरच उत्तर येईल असा छोटा प्रश्न टाकायचा. 'ही युज्ड टू स्मोक' शिकवलं की विचारायचं, आता ओढतो का? मी हिशेब केला, चौतीस वर्षांत किती 'होऽऽ सर' ऐकले असतील. हिशेब अर्ध्यात सोडला.

मराठीची कुबडी काढून घेतली ती वेगळीच. मग मला टॉवेलचं लेबल सुचलं. पॅकिंगच्या पोरांना 'हंड्रेड पर्सेंट कॉटन', 'वॉश सेपरेटली', 'डू नॉट ब्लीच' पाठ होतं, पण ती वाक्यं आहेत हे ठाऊक नव्हतं. त्या लेबलावर अख्खा तास निघाला आणि मी बोललो फक्त सात मिनिटं.

उच्चारांवर अजून वेळ द्यायला हवा होता. आपण 'वेस्ट'मधला डब्ल्यू आणि व्ही एकाच व-मध्ये उरकतो, हे एका दुपारी सांगून संपवलं. आणि आपण ज्या देशात जाणार तिथली भाषा इंग्रजी शिकताना कुठं आडवी येते, यावर कोर्समध्ये अवाक्षर नाही. मी जातोय कंबोडियाला. ख्मेर भाषेत क्रियापद काळानुसार बदलत नाही, शब्दाच्या शेवटचा 'स' जवळपास 'ह' होतो. म्हणजे अनेकवचनाचा एस आणि भूतकाळाचा ईडी या दोन्हींशी तिथं झगडा होणार. हे मी स्वतः शोधलं. शोधताना गंमत सापडली: तिकडं शाळेला 'साला' म्हणतात, गुरूला 'क्रू', अक्षराला 'अक्सॉ'. संस्कृतातून गेलेले शब्द. साला म्हटलं की आमची ही अजून हसते.

सगळ्यात वाईट भाग 'परदेशी प्लेसमेंट सहाय्य'. ते म्हणजे चार पानांची यादी. त्यातल्या निम्म्या संस्था आपल्याकडूनच पैसे घेतात आणि तीन तर अनाथाश्रम. कंबोडियातल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा बाप, निदान एक तरी हयात असतं, पाहुण्यांच्या देणग्यांवर ही दुकानं वाढली. त्यांच्यावर काट मारली. बट्टंबंगजवळच्या एका सरकारी शाळेचं काम ठरवलं. त्यांनी आधी पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं, ५०० रुपये फी भरून ते काढलं. ज्यांनी मागितलंच नाही, त्यांना मीच पुढं विचारलं नाही. व्हिसाबद्दल क्लासच्या ऑफिसातला मुलगा 'टुरिस्टवरच जा सर' म्हणत होता. टुरिस्टचे ३० डॉलर, कामासाठी जाणाऱ्यांच्या ई प्रकारचे ३५. पाच डॉलर वाचवायला शिक्षकानं खोटं बोलून देशात शिरायचं?

गल्लीत सगळे विचारतात, "या वयात तिकडं कशाला जालालाव ओ सर?" एकानं तर मला दुसरे डॉक्टर कोटणीस करून टाकलं. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून रोज जातो, त्यामुळं लाजच वाटली. ते १९३८ साली चीनला गेले तेव्हा तिशीही गाठली नव्हती, तिथं चिनी शिकले आणि १९४२ साली तिथंच वारले. मी सहा महिन्यांसाठी चाललोय, शुगरच्या गोळ्या मोजून घेऊन. बॅगेत दोन डझन नॅपकिनही आहेत, लेबलासकट.

कुणाला हा कोर्स करायचाच असेल तर शनिवारची बॅच मिळाली तरच पैसे भरा. रविवारच्या बॅचला सरावासाठी बाहेरचं कुणी येत नाही, आपलेच सोबती विद्यार्थ्याचं सोंग घेऊन बसतात आणि सगळं समजल्यासारखं माना हलवतात. आणि फी जीएसटीसकट किती, ते आधी कागदावर लिहून घ्या.